ओदेतच्या हातचं वळण

आर्माँ व्युईला घड्याळातलं काही कळत नाही, हे आमच्या ला सान्य गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत पक्कं ठाऊक होतं त्याच्या बायकोला. तसा माणसाने उभा जन्म घड्याळाच्या कारखान्यात काढलेला. पण आमच्या डोंगरात कारखान्यात जाणं वेगळं आणि घड्याळ येणं वेगळं. ज्याने काटे बसवले त्याने जन्मभर काटेच बसवले, जिने तबकडीवर आकडे उमटवले तिने आकडेच उमटवले. आर्माँने डब्या घासल्या. घड्याळाची पोलादी डबी फिरत्या चाकाला लावायची, वर काळपट पॉलिश फासायचं आणि त्यात आपलं तोंड दिसेपर्यंत ती चमकवायची. आत काय टिकटिकतं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्याच्या हाती डबी यायची ती रिकामीच.

बायको ओदेत मात्र आतली. ती बालकमानवाली. घड्याळाच्या पोटात एक इवलंसं चाक असतं आणि त्याला डोलवत ठेवणारी, केसाहून बारीक अशी वेटोळ्यांची कमान असते. ती किती लांब ठेवायची, कुठे तोडायची, शेवटचं वेटोळं उचलून आतल्या बाजूला कसं वळवायचं, यावर घड्याळ पुढे धावणार की मागे रेंगाळणार हे ठरतं. हे काम आमच्याकडे बायकांचं. पांढरे कोट घालून, डोळ्याला भिंग लावून, खिडक्यांशी रांगेने बसलेल्या त्या बायका म्हणजे कारखान्यातल्या राण्याच. पॉलिशवाल्यांना त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी होती, कारण त्यांची बोटं कायम काळी. आर्माँने ओदेतवर जे काही प्रेम केलं ते सगळं त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून. “ए पॉलिशवाल्या, दारातच थांब,” हे तिचं त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. पुढे लग्न झालं, नादिन झाली, नादिन मोठी होऊन न्यूशातेलला संसार थाटून बसली, तरी ओदेत लाडात आली की त्याला पॉलिशवाल्याच म्हणायची, आणि चिडली की तर हमखास.

आता ती त्याला साहेब म्हणायची. अहोजाहो करायची.

आधी ती किल्ल्या विसरली, मग शेगडी विसरली, मग शेजारच्या मातेबाईंचं नाव विसरली. तोवर आर्माँ हसण्यावारी नेत होता. मातेबाईंचं नाव विसरावंसं त्यालाही बरेचदा वाटायचं. पण एका सकाळी त्याने कॉफी पुढे ठेवली तेव्हा ती म्हणाली, “आभारी आहे साहेब. तुम्ही इथेच कामाला असता का?” त्या दिवसानंतर त्याचं हसू गेलं. एकदा तिने स्वयंपाकघरातलं घड्याळ उघडून आतली कमान उपसली आणि त्या भरात बोट कापून घेतलं, तेव्हा नादिनने येऊन आईची सगळी हत्यारं तिच्या जुन्या टेबलाच्या खणात घातली, कुलूप लावलं आणि किल्ली बापाच्या हातावर ठेवली. टेबल मात्र खिडकीशी तसंच राहिलं. ओदेत रोज त्याच्याशी जाऊन बसायची आणि काम यायची वाट पाहायची. “आज ट्रे आला नाही का साहेब?” असं विचारायची. तो म्हणायचा, “उद्या येईल.” दुसरं काय म्हणणार?

विली सांदोझ हा त्याचा एकुलता एक दोस्त. कारखान्यात तो जुळणी करायचा, म्हणजे सगळे भाग एकत्र आणून घड्याळ चालतं करायचा. निवृत्त झाल्यावर त्याला नाद लागला जुन्या घड्याळांचे सुटे भाग गोळा करून त्यांतून नवं घड्याळ उभं करायचा. एकाची डबी, दुसऱ्याची तबकडी, तिसऱ्याचे काटे. खरे शौकीन असल्या घड्याळाला नाक मुरडतात. विलीला त्याची पर्वा नव्हती. “माझी बायको तिसरी आणि मी तिचा दुसरा,” तो म्हणायचा, “आमचं चालतंय ना बरं?”

त्याच विलीच्या नादाने आर्माँ शरद ऋतूत ला शो-द-फों शहरातल्या जुन्या घड्याळांच्या बाजारात गेला. ओदेतपाशी मातेबाई बसल्या होत्या. बाजारात टेबलांवर टेबलं, त्यांवर डब्यांतून, बशांतून भंगाराचे ढीग. विली एका तबकडीवरून कोणाशी तरी हुज्जत घालत होता. आर्माँने वेळ घालवायला एक उघडं यंत्र उचललं, दुकानदाराचं भिंग मागून घेतलं आणि डोळ्याला लावलं. मग बराच वेळ तो हललाच नाही.

बालकमानीचं शेवटचं वेटोळं जिथून उचलायचं, तिथे नमुन्यापेक्षा किंचित आधी एक मऊ कोपर काढलेलं होतं. कारखान्यातल्या दुसऱ्या कुठल्या बाईने ते तसं काढलं नसतं. ओदेत काढायची. मंदीच्या काळात तिला घरी काम मिळायचं, तेव्हा हात धुऊन दिवा धरायला आर्माँच उभा असायचा. त्याला घड्याळ कळत नव्हतं, पण ते कोपर त्याने इतक्या वेळा पाहिलं होतं की बायकोच्या चालण्यासारखं ते त्याला लांबून ओळखू आलं असतं. कारखान्यातल्या त्या खोलीच्या मुकादम जाकोबाई यावरून तिला सुरुवातीला फार बोलायच्या. “वळण आधीच काढलंय! शिकाऊ पोरीचं काम!” पण ओदेतची घड्याळं वेळ अशी पाळायची की जाकोबाईंना तोंड मिटावं लागलं.

“विली,” आर्माँ म्हणाला, “हे बघ.”

विलीने पाहिलं. “ओदेत,” तो एवढंच म्हणाला. आणि मग स्वतःची हुज्जत सोडून तो त्या यंत्राच्या दुकानदाराच्या मागे लागला.

आर्माँला आता एकच हवं होतं. बायको हळूहळू घरातल्या घरात नाहीशी होत होती आणि ते त्याच्याच्याने थांबत नव्हतं. पण तिचा हात, तिचा चांगला, धडधाकट असतानाचा हात, या यंत्रात शाबूत होता. त्याभोवती घड्याळ उभं करायचं आणि मनगटावर बांधायचं. ती राहिली नाही तरी तो हात चालत राहील. असलं काही तो विलीला बोलला नाही. “मला पण एक जुळवायचंय,” एवढंच म्हणाला.

“तू? तू आतल्याला हात लावणार?” विली खो खो हसला. “आधी साबण आण.”

तो हिवाळा त्यात गेला. आर्माँने इतकं बिघडवलं की विलीने कपाळावर हात मारून घेतला. लोण्याच्या रंगाची एक सुरेख तबकडी मिळाली, तर तिच्या पाठीमागचे दोन पाय यंत्रावरच्या भोकांत बसेनात. विलीने ते पाय कापून तबकडी चिकटवून दिली. निळ्या पोलादाचा तासकाटा मिळाला, पण त्याच्या जोडीचा मिनिटकाटा आर्माँने बसवताना वाकडा केला, मग मिनिटकाटा आला सोनेरी. “एक पाय बुटात, एक चपलेत,” विली म्हणाला. डबी मात्र आर्माँने कोणाला शिवू दिली नाही. कोणा सैनिकाच्या हातावर झिजलेली जाड पोलादी डबी होती ती. ओदेत दुपारची झोपली की तो तळघरात जाऊन घासत बसायचा. चरे सगळे काढले नाहीत. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आणि बालकमानीला त्याने विलीलाही हात लावू दिला नाही.

नादिन दर आठवड्याला फोन करायची. “बाबा, वृद्धाश्रमात जागा झालीये. ती कायम राहणार नाही.”

“एवढं घड्याळ होऊ दे,” आर्माँ म्हणायचा.

“कसलं घड्याळ? आई तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही जेवत नाही, परवा ती बर्फात चपलांवर निघाली होती. आणि तुम्हाला घड्याळ सुचतंय!”

तिचं चुकत होतं असं नाही. आर्माँचंही काही चुकत नव्हतं. घड्याळ चालू झालं तेव्हा त्याने ते रेडिओच्या ठोक्याशी आठवडाभर लावून पाहिलं. इकडचं तिकडे होत नव्हतं. मग त्याने स्वतःच नादिनला फोन केला आणि सांगितलं, सोमवारी ये.

रविवारी विली सॉसेज आणि गोड पाव घेऊन आला. जेवण झालं. ओदेतने दोघांचे आभार मानले, स्वयंपाक उत्तम होता म्हणाली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. बाहेर ऊन पडलं होतं आणि बर्फावरून परतलेला उजेड खिडकीतून थेट टेबलावर येत होता. ओदेतच्या भाषेत कामाचा उजेड. आर्माँ घड्याळ हातात घेऊन उभा राहिला. उद्यापासून ती इथे नसणार. एकदा, एकदाच तिने हे बघावं आणि म्हणावं की हे माझं आहे. त्याने किल्ली काढली, खण उघडला आणि भिंग बाहेर घेतलं.

“आर्माँ,” विली म्हणाला, “कशाला?”

“नुसतं दाखवतो.”

त्याने डबीची पाठ उघडली आणि घड्याळ तिच्यासमोर पालथं ठेवलं. हीच त्याची चूक. आमच्याकडे उघडं घड्याळ त्या टेबलावर ठेवलं की त्याचा अर्थ एकच होतो. ते बघायला ठेवत नाहीत.

ओदेतने भिंग डोळ्याला लावलं. तिची पाठ ताठ झाली. खांदे खाली आले. गेलं वर्षभर चमचा धरताना थरथरणारे तिचे हात टेबलाच्या कडेला टेकले आणि स्थिर झाले.

“पॉलिशवाल्या,” ती मान वर न करता म्हणाली, “उजेडातून बाजूला हो की! मेला खांबासारखा उभा.”

आर्माँ बाजूला झाला. किती महिन्यांनी तिने त्याला तू म्हटलं होतं.

“हात धुतलेस का?”

“धुतले,” तो म्हणाला.

“खोटारडा. दारातच थांब.” ती हसली, आणि मग तिचा आवाज करडा झाला. “हे कोणाचं काम आहे?”

“तू सांग,” आर्माँ म्हणाला. “नीट बघ. ओळखीचं नाही वाटत?”

“ओळखीचं कसलं! वळण आधीच काढलंय. शिकाऊ पोरीचं काम. जाकोबाईंनी पाहिलं तर सगळ्या खोलीचा उद्धार करतील.” तिचा डावा हात खणात गेला. तिकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. चिमटा हाताला लागला, मग बारीक पेचकस, मग पकड. “कमान मी नीट करून देते, नाहीतर बिचाऱ्या पोरीची मजुरी कापतील.”

दोन स्क्रू निघाले. चाक वर आलं, त्याच्याखाली लोंबती बालकमान उन्हात एकदा चमकली. विली खुर्चीतून उठला. “आर्माँ, ती तोडणार. अरे, थांबव तिला!” आर्माँने त्याची बाही धरली.

थांबवता आलं असतं. हात पुढे करून घड्याळ उचलायचं, एवढंच. पण मग ती दचकली असती, भिंग खाली आलं असतं आणि भिंगाच्या मागून त्याच्याकडे पाहणारी बाई पुन्हा त्याला साहेब म्हणाली असती. तिचा जुना हात त्या कमानीत होता आणि ती स्वतः इथे, खिडकीशी, त्याला शिव्या देत बसली होती. दोन्ही ठेवायचे कसे, हे त्याला कळेना. त्याने विलीची बाही सोडली नाही.

“नादिन शाळेतून आली का रे?” ओदेत म्हणाली.

“येईल एवढ्यात.”

“तिला सूप गरम करून दे. आणि पावाचा कडक भाग काप, ती खात नाही. तुला सगळं सांगावं लागतं.”

“हो.”

“आणि ऐक, या रविवारी आपण वर रानात जाऊ. निखाऱ्यात सॉसेज भाजू. विलीला नको बोलावूस, तो सगळं खातो.”

विलीने तोंड दुसरीकडे वळवलं. पकडीचा आवाज झाला, नखाएवढा. तुटलेला कमानीचा तुकडा टेबलावर पडला. ओदेत गुणगुणत नवं वळण काढू लागली. आर्माँला एवढ्या अंतरावरून आणि भिंगाशिवाय काही दिसत नव्हतं, आणि ते एका परीने बरंच होतं. मग तिने चाक जागी बसवलं, स्क्रू पिळले, घड्याळ उचलून कानाशी धरलं. ते चाललं.

“झालं. घेऊन जा ट्रे. पुढचा आण.”

पुढचा ट्रे कुठून आणणार? आर्माँने इकडेतिकडे पाहिलं, विलीने स्वतःच्या हातातलं घड्याळ काढायला घेतलं, पण पट्टा सोडेपर्यंत उशीर झाला. ऊन समोरच्या डोंगराआड गेलं आणि टेबलावरचा उजेड विझला. ओदेतने भिंग काढलं, डोळा चोळला, हातातल्या चिमट्याकडे हे काय आहे अशा नजरेने पाहिलं आणि तो नीट टेबलावर ठेवला.

“साहेब,” ती आर्माँला म्हणाली, “थंडी वाजतेय. तुम्हाला त्रास नसेल तर खिडकी लावता का?”

खिडकी लावलेलीच होती. त्याने ती उघडून पुन्हा लावली.

ती शाल पांघरून झोपल्यावर विलीने यंत्र तपासलं. तोडलेली कमान काही वाढत नाही. आखूड कमानीचं घड्याळ पळतं, हे पॉलिशवाल्यालाही कळत होतं. शिवाय नवं वळण वेडंवाकडं होतं. “हात गेलाय रे तिचा,” विली म्हणाला. “दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास पुढे जाईल हे. माझ्याकडे दुसरी कमान आहे, घालून देतो.”

“नको.”

“अरे, वेळ कसली दाखवणार हे?”

“नको म्हटलं ना. हीसुद्धा तिचीच आहे.”

विलीने मग वाद घातला नाही. जाताना दारात म्हणाला, “सगळं खातो म्हणाली मला,” आणि रुमालात नाक शिंकरत बर्फातून निघून गेला. सोमवारी नादिन आली आणि आईला घेऊन गेली. आर्माँ मागच्या सीटवर ओदेतचा हात धरून बसला होता. तिनेही तो सोडवून घेतला नाही, पण तिचं वागणं असं की अनोळखी माणसाने आधाराला हात पुढे केलाय आणि तो झिडकारणं बरं दिसत नाही.

आता कुरणांवर पिवळी फुलं आली आहेत. आर्माँ एक दिवसाआड बसने वृद्धाश्रमात जातो. घड्याळ मनगटावर असतं. रोज सकाळी रेडिओ ऐकून तो काटे मागे घेतो, आणि दुपारपर्यंत ते पुन्हा पुढे निघून गेलेलं असतं. बस चुकू नये म्हणून चर्चच्या टॉवरकडे बघतो. गावातली माणसं पाहतात आणि काही बोलत नाहीत. एरवी वेळेच्या बाबतीत आम्ही कोणाला सोडणारी माणसं नव्हेत.

परवा तो तिच्या खोलीत गेला तेव्हा ओदेत खिडकीशी बसली होती. तिथलं टेबल जेवणाचं, त्याला खण नाही. त्याने बरोबर आणलेला गोड पाव कापून दिला. तिने खाल्ला, हात पुसले, आणि मग न विचारता त्याचं मनगट उचलून कानाशी नेलं. ही तिची सवय अजून गेलेली नाही. तिथल्या नर्सचंही मनगट ती असंच ओढते.

“साहेब, तुमचं घड्याळ पळतंय.”

“हो, पळतं थोडं.”

“थोडं नाही, चांगलंच पळतंय. कमान आखूड केलीये कोणीतरी. कोणाकडे दिलं होतं?”

“आमच्या गावात एक बाई होती,” आर्माँ म्हणाला. “फार चांगला हात होता तिचा.”

“असेल. हे काम काही चांगलं नाही.” ओदेतने पुन्हा कान लावला. तिच्या कपाळाला आठी पडली. “कोण म्हणालात? नाव काय तिचं?”

नाव त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ही ज्या चेहऱ्याने विचारत होती, त्या चेहऱ्याला ते सांगून करायचं काय?

“नाही, तिने नाही,” तो म्हणाला. “मीच बिघडवलं.”

“तुम्ही घड्याळजी आहात?”

“नाही.” मग तिच्या डोळ्यांत पाहत म्हणाला, “पॉलिशवाला.”

आणि वाट पाहिली. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात उलटे-सुलटे करून, बोटांची टोकं तपासून पाहिली. कारखाना सुटून जमाना झाला होता, ती बोटं आता नादिनच्या बोटांइतकी गोरी होती.

“मग आतल्याला हात कशाला लावलात?” ती म्हणाली. रागावून नाही, समजुतीने.

आर्माँचे खांदे हलायला लागले. ओदेतने बाहीतून घडी केलेला रुमाल काढला, त्याच्या हातात दिला आणि त्याचं मनगट थोपटलं.

“अहो साहेब, असं काय करता? एवढ्याशा घड्याळासाठी कोणी रडतं का?”